सोळावी भाजी

१ सप्टेंबर, रविवार

संकल्प. यंदाच्या भाद्रपदात डोंगरावरची शंभर रानफुलं जातीनिशी ओळखायची. नुसतं 'पिवळं फूल' म्हणून सोडून द्यायचं नाही. कुळ, वंश, जात, सगळं. पुढे त्याचं पुस्तक. प्रस्तावना लिहून तयार आहे. लेखक-परिचयही तयार आहे, फोटोसकट. आता फुलं तेवढी राहिली.

'रानफुलं मराठवाडा' या ग्रुपवर कोणीही फोटो टाकला की पहिलं उत्तर माझं असतं. लोकांना सवय झाली आहे. काल एकाने पिवळ्या फुलाचा फोटो टाकला. मी चहाचा कप खाली न ठेवता लिहिलं: दुर्मिळ रानभेंडी. कापूस निघाला. नीला म्हणाली, जालन्यात जन्म गेला अन् कापूस ओळखू येईना का? फोटो अस्पष्ट होता. शिवाय भेंडी आणि कापूस यांचं कुळ एकच. म्हणजे मी कुळापर्यंत बरोबर होतो.

ग्रुपच्या ॲडमिन राजनंदिनी मॅडम. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांचं एकच पालुपद: फुलाबरोबर पानाचाही फोटो द्या. पानात काय बघायचं? पानं सगळ्यांनाच असतात.

४ सप्टेंबर, बुधवार

अंतरा आली. सहावा महिना. तब्येत छान. जावई सुयश शनिवारी येईल, लॅपटॉप घेऊन. महालक्ष्म्या उठल्या की दोघं परत जाणार.

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्यांची एकत्र भाजी लागते. नीला दरवर्षी जुन्या जालन्यातल्या बाजारातून आणते आणि दरवर्षी पंधरावर अडते. आज जेवताना मी जाहीर केलं, सोळावी मी आणीन, थेट डोंगरावरून, ओळख पटवून. नीला लगेच बरं म्हणाली. एकदाही वाद नाही. माझ्या अभ्यासाची घरात किंमत आहे, हे अशा वेळी कळतं.

८ सप्टेंबर, रविवार

मोहीम फत्ते.

पाशामियाँच्या गाडीतून धावड्याला गेलो. पाशामियाँ आमच्या ऑफिसचे रिटायर्ड ड्रायव्हर. धावड्यात त्यांचे साडू आहेत. तिथून वर डोंगर. डोंगर लांबून चांगला दिसतो. जवळ गेल्यावर गवत कमरेएवढं आणि खाली काय आहे ते दिसत नाही. पाशामियाँ पायथ्याला दगडावर बसले. म्हणाले, साहेब, तुम्ही फुलं पाहा, मी तुम्हाला पाहून राह्यलो.

चष्मा फ्रिजवर राहिला. लांबचं मला उत्तम दिसतं, त्यामुळे अडलं नाही. फुलं उभ्यानेच ओळखली. तेरडा. सोनकी. आणखी एक सोनकी. मग एका झुडपाच्या सावलीत ती पांढरी नाजूक फुलं, उभ्या दांडीवर. पुस्तकात जशी आहेत तशी. फोडशी! उत्तम रानभाजी. फोटो काढला. ग्रुपवर टाकायला शीर्षकही सुचलं.

भाजी घ्यायला वाकलो तोच बाजूच्या गवतात सळसळ झाली. मोठी. घाबरलो नाही. सावध झालो. हाताला जो हिरवा पाला लागला तो मुळासकट उपटला आणि खाली आलो. थोडा वेगाने आलो. एक चप्पल वर राहिली. पाशामियाँ हसत होते. म्हणाले, बकरी हाय साहेब ती, आमच्या साडूचीच, बिलकुल डरू नका. चप्पल त्यांनीच आणून दिली. बकरी असेलही. पण बकरीमागे साप नव्हता, हे कशावरून?

नीलाने जुडी उलटीपालटी करून पाहिली आणि फ्रिजमध्ये ठेवली. काही विचारलं नाही.

११ सप्टेंबर, बुधवार. दुपारी

महालक्ष्म्या जेवल्या. पुरणपोळी, कढी, आंबील आणि सोळा भाज्यांची भाजी. सवाष्ण म्हणून शेजारच्या कांताबाई. त्यांनी भाजी तीनदा मागून घेतली. मी पंगतीत सोळाव्या भाजीची माहिती दिली. सापाचा उल्लेख केला, बकरीचा नाही. अंतराने भाजी दोनदा घेतली. म्हणाली, बाबा, यावर्षी काही वेगळीच चव आहे. मी नम्रपणे मान खाली घातली. नीला वाढत होती.

पाशामियाँकडे दरवर्षीप्रमाणे डबा पाठवला. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो, महालक्ष्म्यांना आमचा डबा जातो.

आता ग्रुपवर फोटो टाकतो.

तोच दिवस. संध्याकाळी

राजनंदिनी मॅडमचा मेसेज. फूल फोडशीचं आहे, अभिनंदन. (बघा!) पुढे लिहिलं आहे: पण सर, फोटोत डाव्या कोपऱ्यात मागे एक लालसर काहीतरी आहे. तिथली पानं मोठी करून बघा. टोकं तारेसारखी वळलेली दिसतात. ती कळलावी असावी. फार विषारी. तिची पानं चुकून घेतली नाहीत ना?

मी उत्तर दिलं: मॅडम, मी अनुभवी आहे.

मग फोटो मोठा केला. चष्मा लावून. लाल आहे. कडेला पिवळंही आहे. पानांची टोकं वळलेली आहेत.

मी नेमका कोणत्या बाजूला वाकलो होतो?

डावीकडे बकरी होती. म्हणजे मी उजवीकडे वाकलो असणार. पण उजवीकडे दगड होता.

घाबरलो नाही. सावध आहे.

तोच दिवस. दिवेलागणीला

पुस्तकात वाचलं. वाचायला नको होतं. कळलावीचा सगळा भाग विषारी, कंद सर्वात जास्त. लक्षणं काही तासांनी सुरू होतात. उलट्या, जुलाब, पोटात आग. त्यातून जगलेल्यांचे पुढे आठवड्याभरात केस गळतात. आणि पूर्वी बाळंतपणात कळा लवकर याव्यात म्हणून ही वापरत. गरोदर बाईच्या जवळही नेऊ नये.

पुस्तक कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. जुन्या चादरीखाली.

अंतरा सोफ्यावर पाय वर घेऊन टीव्ही पाहते आहे. हसते आहे. मी तीनदा पाणी हवं का विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुमचा चेहरा का असा पांढरा पडलाय? मी म्हणालो, पुरण जास्त झालं.

सांगायला हवं, हे मला कळतं. पण शास्त्रीय विचार केला. सांगितलं तर अंतरा घाबरेल. सहाव्या महिन्यात घाबरणं वाईट. म्हणजे न सांगणं हाच उपचार आहे. शिवाय भाजीत सोळातला एकच वाटा. त्यातही निम्मी फोडशी असू शकते. मीही भाजी खाल्ली आहे. मला काही होत नाही. पोटात थोडं गोळ्यासारखं वाटतं, पण ते कालपासून होतं. बहुतेक.

१२ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी

सगळे जिवंत आहेत. उठून प्रत्येकाच्या दारात उभा राहून खात्री केली. सुयश दचकला. त्याला म्हणालो, चहा घ्यायचा का? अजून उजाडायचं होतं.

उपाय सुरू केले. जुन्या लोकांचं ज्ञान वाया जात नाही. विषाला तूप, उष्णतेला ताक, सगळ्याला नारळपाणी. हे सगळं महालक्ष्म्यांचा प्रसाद म्हणून दिलं. अंतराला वाटीभर तूप पाजलं, वर दोन पेले ताक. ती नको म्हणाली. मी म्हणालो, देवीला नाही म्हणू नये. नारळवाल्याकडून डझनभर शहाळी आणली. नीला म्हणाली, हे काय नवीन सुरू केलंय? म्हणालो, आयुर्वेद.

कांताबाई दोरे घ्यायला आल्या. ठणठणीत. चालताना थोड्या वाकल्या होत्या. पूर्वीपासूनच वाकतात का? आठवेना. त्यांनाही तूप दिलं. त्यांनी पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, भाऊ, तुम्ही लई बदललात.

दुपारी

सुयशच्या कंगव्यात केस आहेत. बरेच. आठवड्याने गळायचे ते एका दिवसात? त्याचं टक्कल लग्नातच दिसत होतं, हे खरं. पण तेव्हा एवढं नव्हतं. लग्नाचा अल्बम काढून ताडून पाहिलं. तेव्हा मुंडावळ्या होत्या, नीट कळत नाही. सुयशने विचारलं, बाबा, काय शोधताय? म्हणालो, जुन्या आठवणी.

पाशामियाँना फोन केला. उचलला नाही. परत केला. उचलला नाही. पाशामियाँ माझा फोन पहिल्या घंटीला उचलतात, मी ऑफिसात साहेब होतो तेव्हापासूनची सवय आहे.

स्कूटर काढली. जुन्या जालन्यात धान्याचे ट्रक उभे. रिक्षावाल्याशी भांडण होता होता वाचलं. सगळ्या रस्त्यात मी त्यांच्या बायकोला, आमिनाभाभींना, काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत होतो. एकही जुळेना. चांगला माणूस. तीस वर्षं मला ऑफिसात नेलं-आणलं. माझ्यासाठी डोंगरावरून चप्पल आणली.

पाशामियाँ अंगणात खाटेवर निजले होते. तोंडावर रुमाल. रुमाल हलत नव्हता. मी उभा राहिलो. हात पुढे जाईना. शेवटी रुमाल उचलला आणि ते असे ओरडले की आमिनाभाभी लाटणं घेऊन बाहेर आल्या. झोपले होते. फोन आत चार्जिंगला. तबियत एकदम बराबर. म्हणाले, कालची भाजी उम्दा होती साहेब. भाभींनी करायची पद्धत विचारली. मी खाटेवरच बसलो. पाशामियाँ म्हणाले, साहेब, तुम्हाला काय झालंय, सच सांगा. मी तोंड उघडलं. म्हणालो, ऊन.

संध्याकाळी

महालक्ष्म्या उठल्या. मुखवटे उतरवताना नीलाला मदत केली. मनात नवस बोललो. पुढच्या वर्षी सोळाच्या सोळा भाज्या बाजारातून आणीन. पावतीसकट.

राजनंदिनी मॅडमनी वैयक्तिक मेसेज केला आहे: सर, काळजी वाटते, घरी सगळे ठीक ना? पाहिला नाही असं दाखवायचं होतं, पण त्या निळ्या खुणा आल्या. फोटो ग्रुपवरून काढून टाकला. त्याने काही होत नाही, हे मला माहीत आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

हे घरी येऊन लिहितो आहे.

दुपारी जेवण झाल्यावर मी अंतराला ताकाचा तिसरा पेला दिला. तिने अर्धा घेतला, पेला खाली ठेवला आणि पोटावर हात ठेवून वाकली. म्हणाली, आई, दुखतंय गं.

घाबरलो. सावध वगैरे काही नाही. घाबरलो. सुयशने गाडी काढली. मी पुढे बसलो आणि सगळ्या वाटेवर त्याला हळू चालव आणि लवकर चालव असं दोन्ही सांगत होतो. मागे अंतरा नीलाच्या खांद्यावर डोकं टेकून होती. आरशात मला तिचा नुसता हात दिसत होता. लहानपणी ताप आला की ती माझा अंगठा धरून झोपायची. तो हात.

दवाखान्यात तिला आत नेलं. दार बंद झालं. मग मी डॉक्टरबाईंच्या मागे गेलो आणि कॉरिडॉरमध्येच, सुयशसमोर, नीलासमोर, बाकावर बसलेल्या चार परक्या माणसांसमोर सगळं सांगितलं. चष्मा. बकरी. पाला. कळलावी. बुधवारपासून माहीत होतं आणि मी तूप पाजत बसलो. म्हणालो, मी तिला विष घातलं, डॉक्टर, माझ्या हाताने. सुयश नुसता बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरबाई नीलाकडे वळल्या. किती घातली होती भाजीत?

नीला म्हणाली, मी ती घातलीच न्हाई.

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. परत विचारलं. ती म्हणाली, तुम्ही आणलेलं कधीच घालत न्हाई मी. मागच्या साली ते रानकेळं का काय आणल्तं, तेही न्हाई. सोळावी दरवर्षी कोथिंबीर असते. मी म्हणालो, पण तू तर झाडं ओळखत नाहीस. ती म्हणाली, मला झाडं ओळखू येत न्हाईत, तुम्ही येता.

मग डॉक्टरबाई आत गेल्या. आम्ही बाकावर बसलो. नीलाने माझा हात धरला. तेवढा वेळ मी रानफुलांचा विचार केला नाही. मूल ठीक असू दे, एवढंच. हेच किती वेळा म्हणालो ते कळलं नाही. बाजूचा परका माणूस म्हणाला, काका, होईल बराबर.

बाळ उत्तम. अंतरा उत्तम. निदान: गॅस. डॉक्टरबाईंनी विचारलं, गेल्या दोन दिवसांत काय काय खाल्लं? अंतराने यादी सांगितली. तूप, ताक, शहाळी, परत तूप. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कागदावर लिहून दिलं: साधं जेवण. आणि तोंडी म्हणाल्या, वडिलांच्या हातचं काही नको.

१४ सप्टेंबर, शनिवार

शांत झोपलो. डोकं ताळ्यावर आलं.

कालच्या प्रकाराकडे त्रयस्थपणे पाहिलं, तर एक गोष्ट सिद्ध होते: माझ्या भाजीने कोणालाही काहीही झालेलं नाही. कांताबाई, पाशामियाँ, सुयश, सगळे ठणठणीत. कोणी खाल्लीच नाही हा तपशील आहे.

पण मनाला लागलं. पंगतीत मी भाजीवर बोलत होतो तेव्हा नीलाला माहीत होतं. अंतराने वेगळी चव म्हटलं तेव्हाही. वेगळी चव कोथिंबिरीची! नीलाला म्हणालो, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, तुम्ही किती खूश होता. मंग कशाला सांगायचं?

मी आणलेली जुडी कुठे, विचारलं. पाला कचऱ्यात. एक होतं कंदासकट, ते तिने गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत खोचलं. जिवंत मुळासकट आणलेलं टाकवत न्हाई म्हणाली. गेलो. पाहिलं. मलूल पडलेलं. पानांची टोकं वाळून गळाली आहेत. म्हणजे पुरावा काही नाही. फोडशीच होती. ग्रुपवर तसं लिहिलं. मॅडमनी पानाचा फोटो मागितला. पान नाही. विषय संपला.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. कुंडीतलं झाड पूर्ण वाळलं. इतकं नाजूक झाड विषारी असूच शकत नाही.

सुयशचे केस आहेत तेवढेच आहेत. व्हिडिओ कॉलवर पाहून घेतलं. पुस्तकात 'रानभाज्या: समज आणि भीती' असं एक प्रकरण घालायचं ठरवलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

मुलगी झाली. अंतरा सुखरूप. मी आजोबा. पाशामियाँ पेढे घेऊन दवाखान्यात आले आणि माझ्याआधी रडले. नाव 'सोनकी' ठेवा म्हणालो. सगळे हसले. मी गंभीर होतो.

२२ जून, रविवार

नवीन पावसाळा, नवीन संकल्प: दोनशे फुलं.

गॅलरीतल्या त्या कुंडीत आपोआप कोंब आला आहे. कोणी काही पेरलं नाही. गवत असेल.

६ जुलै, रविवार

कोंब वीतभर वर गेला. कुंडीशेजारच्या गजाला धरून चढतो आहे. कशाने धरतो, ते वाकून पाहिलं नाही. पानं मी बघत नाही, हे माझं पहिल्यापासूनचं धोरण आहे.

१३ जुलै, रविवार

कळी आहे. हिरवी. खाली तोंड करून. कुंडी मी उचलून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. नीलाने का विचारलं. म्हणालो, तिकडे ऊन चांगलं येतं. तिकडे ऊन येतच नाही.

२० जुलै, रविवार

अंतरा बाळाला घेऊन आली आहे. पोरगी रांगायला लागली. दिसेल त्याला हात घालते.

सकाळी फूल उमललं. लाल. कडेला पिवळं. पाकळ्या मागे वळून वर गेलेल्या, चुलीतल्या जाळासारख्या. इतकं सुंदर फूल आमच्या घरात आजवर आलं नाही. फुलं ओळखायचं ॲप उघडलं नाही. पुस्तकही काढलं नाही.

मी गॅलरीच्या दारात उभा होतो. मागच्या भाद्रपदात अंतराने दोनदा भाजी घेतली होती, ते आठवलं. मी स्वतः वाढायला सांगितलं होतं. तेवढ्यात पोरगी पायातून निसटून पुढे गेली आणि तिचा हात फुलाच्या दिशेला. कसा धावलो ते माहीत नाही. उचललं तिला. ती रडली. मी सोडलं नाही. छातीशी धरून तसाच उभा राहिलो आणि माझंच काळीज तिच्या पाठीवर आपटत होतं.

कांताबाई आल्या होत्या. म्हणाल्या, काय झ्याक फूल हाय हो भाऊ, कोणतं हे? अंतराही म्हणाली, सांगा ना बाबा, तुम्हीच तर एक्स्पर्ट. नीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. हाताला कणीक. माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, मला माहीत नाही.

मग फोटो काढला. फुलाचा एक, आणि चष्मा लावून पानाचा एक. टोकाला तार आहे. राजनंदिनी मॅडमना पाठवला: कृपया ओळख सांगावी. आणि तुम्ही गेल्या वर्षी विचारलं होतं, त्याचं उत्तर: पानं घेतली होती.

पाशामियाँना बोलावलं. कुंडी त्यांच्या गाडीतून मॅडमच्या कॉलेजात पोचवली.

संध्याकाळी बाजारातून मेथी आणली. ओट्याशी बसून एकेक पान वेगळं करून पाहिलं. मेथीच होती. तरी नीलाला दाखवली.